ज्येष्ठा गौरी : घरचा कुलाचार आणि घरातील स्त्री

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरोघर गणपतीची स्थापना होते आणि दोन-चार दिवसांतच त्याच्या मागोमाग गौरी येतात. गणेशोत्सवाने १८९३ नंतर सार्वजनिक रूप धारण केले. चौकाचौकांत मंडप उभे राहिले, वर्गणी आली, व्याख्याने आणि मेळे आले, मिरवणुका आल्या. गौरींच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. त्या घरातच राहिल्या. देवघर, माजघर, स्वयंपाकघर आणि परसदार एवढाच त्यांचा परिसर. बहुतेक घरांत या पूजेला पुरोहिताचीही गरज भासत नाही. काय आणावयाचे, काय रांधावयाचे, कोणत्या वेळी काय करावयाचे, हे सारे घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला ठाऊक असते आणि तिच्याकडून ते सुनेकडे येते. महाराष्ट्रातील स्त्रियांनी सर्वस्वी आपल्या हाती राखलेला असा दुसरा मोठा सण क्वचितच दाखविता येईल.

या सणाचे मर्म समजून घेताना त्यातील एका जुन्या दुखण्याकडेही पाहावे लागते. ज्या स्त्रीने तीस-चाळीस वर्षे आपल्या हातांनी गौरी उभ्या केल्या, तिचा पती निवर्तला की पुढच्या भाद्रपदात ती पूजेपासून दूर उभी राहते. पुरण तिच्याच हातचे असते, विधींचा क्रमही तिलाच विचारला जातो. परंतु कुंकवाचा करंडा दुसरीच्या हाती जातो. हे सर्व घरांत घडते असे नाही, पण अद्याप पुष्कळ घरांत घडते. गौरीपूजेच्या मूळ आचारात याला आधार कितपत आहे, हा प्रश्न केवळ भाविकांचा राहिलेला नाही. २०२२ पासून तो ग्रामपंचायतींच्या विषयपत्रिकेवरही आला आहे.

तीन दिवस, तीन नक्षत्रे

आपले बहुतेक सण तिथीवर बेतलेले आहेत. गौरीपूजन मात्र नक्षत्रावर चालते. भाद्रपद शुक्ल पक्षात चंद्र अनुराधा नक्षत्रात असता आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रात पूजन आणि मूळ नक्षत्रात विसर्जन, असा हा क्रम आहे. ज्येष्ठा नक्षत्रावर पूजिली जाते म्हणून ती ज्येष्ठा गौरी. तिथी आणि नक्षत्र यांची चाल सारखी नसल्यामुळे चतुर्थी आणि गौरी यांतील अंतर दर वर्षी बदलते. २०२३ मध्ये गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि गौरी २१ तारखेला आल्या. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि आवाहन १० तारखेला झाले. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आली, तर गौरींसाठी ३१ ऑगस्टपर्यंत वाट पाहावी लागली. सुट्यांची यादी करणाऱ्या मुख्याध्यापकांना दर वर्षी पंचांग उघडावे लागते ते यामुळेच.

गौरी सहसा दोन असतात. थोरली ज्येष्ठा आणि धाकटी कनिष्ठा, अशा त्या बहिणी मानल्या जातात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात त्यांना गौरी किंवा गवर म्हणतात. मराठवाड्यात आणि विदर्भात त्या महालक्ष्म्या म्हणून ओळखल्या जातात आणि तिकडे त्यांच्याबरोबर त्यांची बाळेही मांडण्याची रीत आहे. कोल्हापूरकडे गौरीच्या पाठोपाठ शंकरोबा येतो. माहेरी आलेल्या पत्नीला न्यावयास आलेला हा जावई, अशी त्यामागील गोड लोकसमजूत आहे.

ज्येष्ठा या नावाला आणखी एक पदर आहे. पुराणांत ज्येष्ठा ही लक्ष्मीची थोरली बहीण म्हणून येते आणि तिलाच अलक्ष्मी असेही म्हटले आहे. दक्षिण भारतात तिच्या स्वतंत्र मूर्ती आढळतात. लक्ष्मी शुभ आणि ज्येष्ठा अशुभ, अशी ही विभागणी. आज महाराष्ट्रात पूजिल्या जाणाऱ्या ज्येष्ठा गौरीचे या पौराणिक ज्येष्ठेशी नेमके नाते काय, याविषयी मतभेद संभवतात. परंतु एक गोष्ट लक्षणीय वाटते. मराठी घर या दोघी बहिणींना शेजारी शेजारी बसविते. दोघींना सारख्याच किमतीची साडी, सारखेच दागिने, सारखाच नैवेद्य. त्यांत उणे-अधिक झाले तर घरातील वृद्ध स्त्रिया ते खपवून घेत नाहीत.

रूपे अनेक

गौरीच्या रूपांची विविधता पाहिली म्हणजे थक्क व्हावयास होते. पितळेचे, शाडूचे अथवा कापडाचे मुखवटे करून, त्यांना साडी-चोळी नेसवून उभ्या गौरी मांडतात, हे रूप आता सर्वत्र परिचित झाले आहे. पण कोकणस्थांच्या अनेक घरांत मुखवटा नाहीच. तेथे मुली आणि सुना पाणवठ्यावर जाऊन पाच किंवा सात खडे वेचतात, ते ताम्हनात ठेवतात आणि वाटेत कोणाशी न बोलता घरी आणतात. हे खडे म्हणजेच गौर. कोकणात व घाटमाथ्यावर पुष्कळ ठिकाणी तेरड्याची रोपे मुळांसह उपटून आणतात. ती मुळे म्हणजे गौरीची पावले, असे मानले जाते. भाद्रपदात तेरड्याला बहर असतो आणि तो लवकर ओसरतो. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. तीन दिवसांच्या पाहुणीला हेच झाड मिळावे, यात योगायोग किती आणि जुन्या माणसांचे निरीक्षण किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. कोठे धान्याच्या राशीवर मुखवटा ठेवतात, कोठे मातीच्या सुगडांची उतरंड रचून तिलाच गौर मानतात, तर कोठे कागदावरील चित्र पूजेला पुरते.

मराठवाडा-विदर्भात मुखवटे ज्यावर बसवितात त्या पत्र्याच्या अथवा लोखंडी आधाराला कोठी म्हणतात. हा शब्द विचार करण्यासारखा आहे. कोठी म्हणजे धान्य साठविण्याची जागा. सुगडे असोत वा कोठ्या, त्यांत गहू, तांदूळ, डाळी भरण्याची प्रथा आहे. वरून साडी नेसविली की ती देवता दिसते, पण साडीच्या आत धान्याचे कोठार असते. भाद्रपदात खरिपाचे पीक शेतात उभे असते, मूग-उडदाची काढणी सुरू झालेली असते आणि ज्वारी-बाजरी, भात अद्याप हाती यावयाचे असतात. घरातील जुने धान्य सरत आलेले आणि नवे दृष्टिपथात आलेले, असा हा संधिकाल. कोठी भरलेली राहो, ही शेतकऱ्याच्या घरातील सर्वांत खरी प्रार्थना होय. गौरीच्या रूपाने ती उभीच केली जाते.

पाहुणीचा पाहुणचार

गौरीच्या तीन दिवसांचा स्वयंपाक नीट पाहिला तर या सणाचा अर्थ पोथी न उघडताही समजू शकतो. आवाहनाच्या दिवशी संध्याकाळी गौर दाराशी येते. तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर दूध-पाणी घालतात, उंबऱ्यापासून तिच्या जागेपर्यंत रांगोळीची अथवा कुंकवाची पावले उमटवितात. ताट वाजवीत तिला घरभर फिरवितात. ही कोठी, हा गोठा, हे दूधदुभते, ही तिजोरी, असे एकेक स्थान दाखविले जाते आणि ती कोणत्या पावलांनी आली, असे विचारून शुभ उत्तर दिले जाते. एवढा थाट झाल्यावर त्या रात्रीचा नैवेद्य काय, तर बहुशः भाजी आणि भाकरी. मेथी, शेपू किंवा अंबाडी, परसात जे असेल ते. याचे कारण साधे आहे. लांबची वाट तुडवून आलेल्या लेकीपुढे त्या रात्री कोणी पंचपक्वान्ने मांडीत नाही. तिला घरचे साधे, गरम अन्न वाढतात.

दुसरा दिवस मेजवानीचा. पुरणपोळी, कटाची आमटी, कढी, खीर, वडे-भजी, चटण्या-कोशिंबिरी. अनेक घरांत सोळा भाज्यांची एकत्र भाजी आणि सोळा दिवे यांवाचून पूजन पुरे होत नाही. विदर्भात ज्वारीच्या पिठाची आंबील असावीच लागते आणि महालक्ष्म्यांच्या डोक्यावर करंज्या, पापड्या अशा तळलेल्या पदार्थांचा फुलोरा बांधतात. कोकणात घावन-घाटले करतात. कोकणातीलच अनेक समाजांत या दिवशी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मटण आणि वडे, कोठे मासळी. शेजारी गणपती बसलेला असतो, तेव्हा मध्ये पडदा ओढून घेतात आणि मग गौरीला तिचे आवडते जेवण वाढतात. या पडद्याला हसण्याचे कारण नाही. एकाच मखरात दोन पाहुणे, दोघांचे पथ्य निराळे. यजमानिणीने दोघांचाही मान राखला, इतकेच.

रात्र जागविण्याची प्रथा आता शहरांत कमी झाली असली, तरी गावाकडे झिम्मा, फुगडी, फेर आणि उखाणे यांनी घर दणाणून जाते. कोकणातील कर्ते पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राहिले. लावणीपासून गुराढोरांपर्यंतचे ओझे गावी राहिलेल्या स्त्रियांनी वाहिले. वर्षातून एक रात्र त्यांना मनसोक्त नाचावयाला, गावयाला आणि सासरच्या माणसांची गाण्यातून फिरकी घ्यावयाला मिळे, ती ही. नव्या सुनेचा पहिला ओवसाही याच सणात असतो. बुरुडाकडून नवी सुपे आणून त्यांत फळे, सुकामेवा, पाने मांडतात. गौरीपुढे ती ओवाळून मग घरातील वडील मंडळींना देतात आणि वडील तिला भेटवस्तू देतात. सून या घरची झाली, याची जणू ही घरगुती नोंदणी.

तिसऱ्या दिवशी पाठवणी. कानवले, शेवयांची खीर, वाटेसाठी दहीभात. सुताच्या सोळा पदरांना हळद लावून गाठी पाडतात आणि त्यांत झेंडूचे पान, भोपळ्याचे फूल, खारीक-बदाम असे काहीबाही बांधतात. काही घरांत हा दोरा आश्विन वद्य अष्टमीपर्यंत, म्हणजे नवे धान्य दृष्टीस पडेपर्यंत गळ्यात ठेवतात. गौर पोहोचवून परतताना पाणवठ्यावरील थोडी वाळू किंवा माती घरी आणून ती घरात, गोठ्यात आणि परसात टाकतात. पाहुणी गेली, तरी तिच्या मुक्कामाची खूण मागे राहते.

येणे, पाहुणचार आणि पाठवणी. घरच्या लेकीचे माहेरपण ज्या क्रमाने होते तोच हा क्रम आहे. पहिल्या रात्रीची भाकरी आणि शेवटच्या दिवसाचा दहीभात यांच्याकडे पाहिले, की गौर ही प्रथम माहेरवाशीण आणि मग देवता आहे, हे ध्यानात येते. येथे एक उपप्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. मुलीला वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क देणारी सुधारणा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली आणि देशाच्या कायद्यात ती २००५ मध्ये आली. तरीही तलाठी कार्यालयात बहिणींच्या हक्कसोड पत्रांचा ओघ आटलेला नाही. तीन दिवस सोन्याच्या पावलांनी येणारी लेक वारसनोंदीच्या वेळी मात्र सहीपुरती आठवते. या विषयाला स्वतंत्र लेखाचीच आवश्यकता आहे.

कहाणी काय सांगते

गौरीच्या व्रतकथेत दोन धागे आहेत. एका कथेत कोलासुराच्या जाचाला कंटाळलेल्या स्त्रिया महालक्ष्मी गौरीला शरण जातात, आपले सौभाग्य अक्षय राहावे अशी याचना करतात आणि देवी असुराचा वध करते. दुसरी कहाणी श्रावण-भाद्रपदात घरोघर वाचली जाणारी. एका गरीब ब्राह्मणाची मुले इतरांच्या घरच्या गौरी पाहून हट्ट धरतात. घरात दाणा नाही, हाती पैसा नाही. मुलांची समजूत घालता येत नाही आणि दारिद्र्य सोसवत नाही, म्हणून बाप तळ्यावर जीव द्यावयास निघतो. वाटेत त्याला एक वृद्ध स्त्री भेटते. ती त्याला समजावून मागे फिरविते, त्याच्याबरोबर घरी येते. तिला आजी म्हणून घरात ठेवून घेतात. पाहावे तो रिकाम्या मडक्यात धान्य असते. दुसऱ्या दिवशी ती न्हाऊ घालण्यास सांगते, घावन-घाटले करावयास लावते आणि कोणत्याही गोष्टीला नाही म्हणू नये, रडगाणे गाऊ नये, असे बजावते. तिसऱ्या दिवशी पाठवणी मागते. जाताना वाळू देते, ती घरभर टाकावयास सांगते. आणि तळ्याच्या काठचे दोन खडे आणून दर वर्षी ज्येष्ठा व कनिष्ठा म्हणून पूजावेत, असा वसा देते.

खडे का, वाळू का, पहिल्या दिवशी साधे अन्न का, या साऱ्याचा उलगडा या एका कहाणीत होतो. परंतु अधिक महत्त्वाचे हे, की या घरात येणारी देवी तरुण, अलंकारांनी मढलेली नाही. ती रस्त्यात भेटलेली एक अनोळखी म्हातारी आहे. कहाणीकाराने तिला सवाष्ण म्हटले आहे, हे येथे लपविण्याचे कारण नाही. सौभाग्याची कल्पना या व्रतात आहे आणि पहिल्या कथेत तर तीच मध्यवर्ती आहे. तेव्हा परंपरा सर्वस्वी निर्दोष होती आणि दोष मागाहून कोणी तरी आणला, असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे होणार नाही. मात्र त्या गरीब घराने म्हातारीची चौकशी केली नाही. तिला पाणी दिले, अन्न दिले, आजी म्हटले. घर भरले ते त्यामुळे.

हळदीकुंकवाची रेषा

स्त्री-स्त्रीमधील रेषा पूजनाच्या दिवशी स्पष्ट होते. दुपारी सवाष्ण जेवावयास असते. संध्याकाळी हळदीकुंकू असते. ज्येष्ठा-कनिष्ठांत डावे-उजवे न करणारे घर येथे मात्र एका जावेला बोलाविते आणि दुसरीला वगळते. त्या दुसरीला कोणी अपमानकारक शब्द बोलत नाही. ती स्वतःच मागे सरते, आपल्या सावलीने कोणाचे वाईट होऊ नये म्हणून. लहानपणापासून कानी पडलेली गोष्ट तिने खरी मानलेली असते. या चालीचे खरे बळ या मानण्यात आहे, आणि म्हणूनच तिला केवळ बाहेरून हात घालून भागत नाही.

मुळात कुंकू, बांगड्या आणि फुले स्त्रीला विवाहाने मिळत नाहीत. तीन-चार वर्षांची मुलगीही कुंकू लावते, काचेच्या बांगड्या भरते, गौरीच्या दिवशी केसांत गजरा माळते. कुमारिकेला तर या पूजेत मानाने जेवू घालतात. जे पतीमुळे आले नाही, ते पतीबरोबर जावे, हे कोणत्या तर्कात बसते? मंगळसूत्र आणि जोडवी ही विवाहाची चिन्हे खरी. परंतु ती ठेवावीत की नाही हे त्या स्त्रीने ठरवावयाचे की सांत्वनाला जमलेल्या शेजारणींनी, हा प्रश्न तेथेही उरतोच.

यावर रूढीचे उत्तर ठरलेले असते : आमच्या घरचा कुलाचार असा आहे. या उत्तरात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. कुलाचार म्हणजे त्या त्या कुळाने ठरविलेला आचार. एका घरी खडा गौर, दुसऱ्या घरी तेरडा गौर. एकीकडे पुरणाचा नैवेद्य, दुसरीकडे मटण-वड्यांचा. कोठे बाळे, कोठे शंकरोबा. यांपैकी कोणतेही एक घर चुकले आणि दुसरे बरोबर, असे कोणी म्हणत नाही. याचा अर्थ, या पूजेचा अधिकार प्रत्येक घराचा आहे. ते घर आपला आचार बदलतही आले आहे. सुगडांच्या उतरंडीऐवजी लोखंडी कोठ्या आल्या, तेलाच्या समयांशेजारी विजेच्या माळा आल्या, कानवले बाजारातून येऊ लागले, शहरांतील विसर्जन कृत्रिम हौदांत होऊ लागले. यांपैकी एकाही बदलासाठी कोणी धर्मग्रंथ उघडले नाहीत. जाऊबाईंना कुंकू लावण्याचा प्रश्न आला म्हणजेच ते उघडावेत, हे चमत्कारिक होय.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. विधवेचे केशवपन हाही एकेकाळी धर्म होता. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली. परंतु समाजाने ती दिली नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, आणि कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला. केशवपन आज कोणत्याही घरचा कुलाचार उरलेला नाही आणि ते गेल्यामुळे गौरी यावयाच्या थांबल्या नाहीत.

हेरवाडचा ठराव

छत्रपती शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, २०२२ च्या मे महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने एक ठराव केला. पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात, असा त्याचा आशय होता. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून, इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचे अनुकरण करावे आणि याबाबत लोकजागृती करावी, असे सुचविले. त्या वर्षी गौरीपूजन ४ सप्टेंबरला होते, म्हणजे ठरावानंतर जेमतेम चार महिन्यांनी.

परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे आणि ठराव म्हणजे पोलिसी हुकूम नव्हे, हे पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. कोणत्याही स्त्रीला बळेच कुंकू लावणे हा पुसण्याइतकाच जुलूम ठरेल. एखादी वृद्धा आयुष्यभराच्या श्रद्धेने दूर राहू इच्छीत असेल, तर तिच्या मनाचा मान राखला पाहिजे. ठरावाचा उपयोग निराळा आहे. अंत्यविधीच्या वेळी घर दुःखात बुडालेले असते, कोणी तरी पुढे होऊन बांगड्यांना हात घालते आणि त्या क्षणी थांबा म्हणण्याचे बळ घरच्यांना नसते. गावाने आधीच ठरविलेले असले, की तो शब्द उच्चारणे सोपे जाते. भावकी काय म्हणेल, या भीतीला उत्तर म्हणून गावाचा ठराव पुढे करता येतो.

घरातील पूजेत मात्र पंचायतीला प्रवेश नाही आणि असूही नये. तेथे सासूने सुनेला म्हणावयाचे असते, सुनेने सासूला म्हणावयाचे असते. गावोगावी असा बदल शांतपणे होतही आहे. कोणी सवाष्णीबरोबर घरातील विधवा आत्याचे पान मांडते, कोणी सासूबाईंच्याच हाताने गौरीला पहिले कुंकू लावून घेते. याच्या बातम्या होत नाहीत. चाळीस वर्षांचा अनुभव असलेले हात पुन्हा कामी आले, की गौरीच्या साडीच्या निऱ्याही नीट बसतात, हा त्यातील अगदी व्यावहारिक लाभ.

ज्या गोष्टी घराच्या उंबऱ्याबाहेर आहेत, त्यांबाबत मात्र शासकीय आणि निमशासकीय मंडळींना हात झटकता येणार नाहीत. बचतगटांचे, अंगणवाड्यांचे, शाळांच्या माता-पालक मेळाव्यांचे कार्यक्रम पुष्कळदा हळदीकुंकू या नावाने होतात. उपस्थिती वाढावी हा हेतू चांगला असतो. परंतु त्या नावामुळे गावातील काही स्त्रिया घरीच थांबतात आणि पोषण, लसीकरण, कर्ज किंवा निराधार अनुदान यांची माहिती ज्यांना सर्वांत अधिक हवी, नेमक्या त्याच सभेत नसतात. शाळेत तर आणखी एक बाजू आहे. मेळाव्याला इतर मुलांच्या आया आल्या आणि आपली का आली नाही, हे तिसरी-चौथीतील मूल विचारते, आणि त्याला उत्तर द्यावयाचे काम शेवटी शिक्षकावर येते. अशा कार्यक्रमाला महिला मेळावा किंवा माता-पालक सभा म्हटले आणि दाराशी येणाऱ्या प्रत्येकीला सारखेच फूल दिले, तर खर्च वाढत नाही. वाण द्यावयाचे झाल्यास ते सर्वांना द्यावे. निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी किंवा ग्रामसेवकांनी तिच्यावर एकवार नजर टाकली, तरी पुरेसे आहे.

स्वातंत्र्यदिनाची ग्रामसभा आणि गौरींचे आगमन यांत थोड्याच आठवड्यांचे अंतर असते. ज्या गावांनी असा ठराव केला आहे, त्यांनी तो त्या सभेत पुन्हा वाचून दाखवावा. ज्यांनी केलेला नाही, त्यांनी विषय मांडावा. मात्र तो मांडण्यापूर्वी महिला ग्रामसभा घ्यावी आणि गावातील ज्या स्त्रियांविषयी हा ठराव आहे, त्यांना प्रथम बोलू द्यावे. सरपंचांचे प्रास्ताविक त्यानंतर झाले तरी चालेल.